बहुरूपी झेड ड्राइव्ह

ऑफिसच्या लॅपटॉपवर 'धिस पीसी' उघडलंत की सी ड्राइव्हच्या खाली एखादा एच, एस नाहीतर झेड ड्राइव्ह बसलेला दिसतो. लॅपटॉपमध्ये डिस्क एकच. मग हा झेड आला कुठून? आयटीतल्या कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: तो सर्व्हरवरचा फोल्डर आहे, आपण लॉगिन केलं की एक स्क्रिप्ट चालते आणि तो आणून चिकटवते. त्या स्क्रिप्टमध्ये बऱ्याचदा एवढीच एक ओळ असते:

नेट यूज झेड: \\सर्व्हर\अकाउंट्स

(टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करायची. देवनागरीत टाइप केलीत तर विंडोज ओळखसुद्धा दाखवणार नाही. :-))

इथपर्यंत ठीक. पण दुसऱ्या मजल्यावरच्या, किंवा दुसऱ्या शहरातल्या, सर्व्हरवरच्या फोल्डरला डिस्कचं सोंग का घ्यावं लागतं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. लिनक्सवाले असलं काही करत नाहीत. सोंगच म्हणायचं ते, कारण झेड नावाची डिस्क जगात कुठेच नसते. लहानपणी गावाकडे दारात पोलिसाचा वेष करून बहुरूपी यायचा, दरडावून वॉरंट काढायचा, आणि घरातली लहान मुलं खरंच घाबरायची. झेड ड्राइव्ह त्याच जातीचा. हे सोंग कुणासाठी उभं केलं, आणि पुढे त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटलं, हा आजच्या लेखाचा विषय.

आधी अक्षरांचं बघू. डिस्कला एका अक्षराने हाक मारायची पद्धत डॉसने काढलेली नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज, इंग्लंडमधलं नव्हे) इथल्या केंद्रात सीपी आणि सीएमएस ही जोडगोळी तयार झाली. एका मेनफ्रेमचे अनेक आभासी संगणक करायचे आणि प्रत्येक माणसाला वाटायला लावायचं की अख्खं मशीन आपलंच आहे, अशी कल्पना. व्हीएमवेअरचे पणजोबाच म्हणा ना. त्यात मोठ्या डिस्कचे तुकडे पाडून प्रत्येकाला छोट्या 'मिनीडिस्क' दिल्या जात आणि त्या एकेका अक्षराने ओळखल्या जात. म्हणजे गंमत बघा, अक्षराच्या मागे खरी डिस्क असलीच पाहिजे असं तेव्हाही नव्हतं.

१९७४ मध्ये कॅलिफोर्नियात गॅरी किल्डॉलने सीपी/एम लिहिली, ती छोट्या संगणकांसाठी. तिथे मात्र ए: म्हणजे खरीखुरी पहिली फ्लॉपी, बी: म्हणजे दुसरी. १९८० मध्ये सिएटलच्या एका छोट्या हार्डवेअर कंपनीत टिम पॅटर्सनने सीपी/एमच्या वळणाची एक सिस्टिम लिहिली, मायक्रोसॉफ्टने ती १९८१ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती आयबीएम पीसीवर बसून बाहेर पडली. तीच डॉस. अक्षरं आणि त्यांच्यापुढचं ते विसर्गासारखं कोलन जसंच्या तसं आलं. ही गोष्ट शंभर वेळा सांगून झालेली आहे, म्हणून पुढे जातो.

पण जाताजाता एक तपशील, कारण तो मला फार आवडतो. ज्या पीसीला एकच फ्लॉपी ड्राइव्ह असायचा त्यावरही डॉस ए: आणि बी: असे दोन ड्राइव्ह दाखवायचं. फाइल ए: वरून बी: वर कॉपी करायला सांगितली की डॉस मध्येच थांबून सांगे, आता बी: ची फ्लॉपी घाला. खाच तीच, फक्त फ्लॉपी बदलायची. कॉपी करणाऱ्या कमांडला यातलं काही कळत नसे, तिच्या लेखी ड्राइव्ह दोन. आपल्या बहुरूप्याची ही पहिली रंगीत तालीम.

१९८३ मध्ये पीसी एक्सटी आला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क, म्हणजे सी:. त्याच सुमारास डॉस २.० ने फोल्डरांचं झाड आणलं. कल्पना युनिक्सची. मायक्रोसॉफ्ट तेव्हा झेनिक्स नावाचं स्वतःचं युनिक्सही विकत होती, त्यामुळे ती घरचीच होती म्हणायला हरकत नाही. मात्र युनिक्समध्ये झाड एकच असतं. नवी डिस्क लावली की ती त्या झाडाच्या कुठल्यातरी फांदीवर कलम करायची आणि विसरून जायचं. सनने १९८० च्या दशकाच्या मध्यावर एनएफएस आणलं तेव्हा नेटवर्कवरचा फोल्डरही त्याच झाडाला कलम झाला, वेगळं सोंग लागलंच नाही. डॉसने झाड घेतलं, पण प्रत्येक अक्षराचं वेगळं. जुने प्रोग्राम ए: आणि बी: वरच पोसलेले होते, त्यांना मोडून चालणार नव्हतं. (उलटा स्लॅशही याच अडचणीतून आलाय. सरळ स्लॅश कमांडच्या पर्यायांसाठी आधीच वापरून झाला होता.)

आता खरी अडचण. १९८४ चं एक ऑफिस डोळ्यासमोर आणा. पाच-सहा पीसी आहेत. हार्ड डिस्क महाग, म्हणून एकाच मशीनमध्ये. प्रिंटरही एकच. साहजिकच मालकाला वाटतं, तार टाका आणि सगळ्यांना वापरू द्या. तार टाकता येत होती. पण वापरायचे होते ते प्रोग्राम म्हणजे वर्डस्टार, लोटस १-२-३, डीबेस, आणि त्यांना नेटवर्क नावाची गोष्ट या जगात आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांना माहीत होतं एक अक्षर, एक कोलन आणि आठ अधिक तीन अक्षरांचं फाइलचं नाव. संपलं. दोनच मार्ग होते: एकतर प्रत्येक कंपनीने आपला प्रोग्राम नव्याने लिहायचा, नाहीतर प्रत्येक प्रोग्रामला फसवायचं. बाजार पहिल्या मार्गासाठी थांबणार नव्हता.

फसवणूक झाली ती अशी. प्रोग्रामला फाइल हवी असली की तो डॉसला हाक मारतो. डॉसकडे प्रत्येक अक्षराची एक नोंद असते. १९८४-८५ च्या डॉस ३.१ पासून त्या नोंदीत 'हे अक्षर नेटवर्कचं आहे' अशी खूण करता यायला लागली. खूण दिसली की डॉस डिस्ककडे जातच नाही, ते काम रीडायरेक्टर नावाच्या प्रोग्रामकडे सरकवतं. रीडायरेक्टर त्या मागणीचं पाकीट करून तारेवर टाकतो, पलीकडचा सर्व्हर आपल्या डिस्कवरून फाइल वाचून उत्तर पाठवतो, आणि लोटसच्या हातात डेटा पडतो. लोटसला वाटतं आपण डिस्क वाचली. या पाकिटांची भाषा म्हणजे एसएमबी. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तिची सुरुवात केली, आणि आपण आज झेड उघडतो तेव्हा तिचीच नातवंडं-पतवंडं तारेवरून पळत असतात.

अमुक अक्षराला अमुक सर्व्हरची खूण कर, हे सांगणारी कमांड म्हणजे नेट यूज. आयबीएमच्या पीसी नेटवर्क प्रोग्राममध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएस-नेटमध्ये ती होती. आज विंडोज ११ वरही ती त्याच नावाने आणि जवळपास त्याच व्याकरणाने चालते. चाळीस वर्षं! आपल्याकडे जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्या चाळीस आठवडे टिकत नाहीत. पण असो.

ही कमांड प्रिंटरलाही तीच वागणूक द्यायची. नेट यूज एलपीटी१: म्हटलं की पॅरलल पोर्टचं सोंग घेऊन दुसऱ्या खोलीतला प्रिंटर हजर. एखाद्या जुन्या दुकानात किंवा पतपेढीत डॉसमधलं बिलिंग अजून डॉट मॅट्रिक्सवर कागद ओढत असेल, आणि प्रिंटर त्या मशीनला जोडलेला नसेल, तर मागे ही ओळ असण्याची शक्यता भरपूर.

इथे एक खोचक मुद्दा आहे. \\सर्व्हर\फोल्डर हा दोन उलट्या स्लॅशचा पूर्ण पत्ता तेव्हापासूनच आहे. एका उलट्या स्लॅशचा अर्थ 'या डिस्कच्या मुळापासून', तर दोनांचा अर्थ 'या मशीनच्याच बाहेर'. म्हणजे खरा पत्ता उपलब्ध होता, अक्षर लागत होतं ते फक्त ज्यांना खरा पत्ता वाचता येत नव्हता त्यांच्यासाठी. आणि ती जमात अजून संपलेली नाही. आजच्या विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सीडी करून नेटवर्कच्या पत्त्यावर जायचा प्रयत्न करा, तो सरळ नकार देतो. त्याऐवजी पुशडी वापरा, तो गुपचूप एक मोकळं अक्षर शोधतो (झेडपासून उलटं), ते तुमच्या फोल्डरला लावतो आणि मग आत जातो. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कमांड प्रॉम्प्टलाही बहुरूप्याशिवाय करमत नाही, आता बोला.

त्या काळात बाजार मात्र आयबीएम-मायक्रोसॉफ्टने मारला नाही. तो मारला युटामधल्या नोव्हेलच्या नेटवेअरने. भाषा वेगळी, तारेवरची पाकिटं वेगळी, कमांडचं नाव मॅप. सोंग मात्र तेच. आमच्या ऑफिसातले एक सीनिअर नव्वदीच्या दशकात पुण्यात कॉम्प्युटर क्लासला जायचे. त्यांच्या लॅबमधल्या मशीनना हार्ड डिस्कच नव्हती, मशीन सुरू केलं की थेट एफ:\लॉगिन असा प्रॉम्प्ट यायचा. "आम्हाला बरीच वर्षं वाटायचं, एफ म्हणजे फाइलसर्व्हरचा एफ," असं ते सांगतात. खरं कारण फारच रुक्ष आहे. डॉसमध्ये अक्षरांच्या नोंदींसाठी जागा राखून ठेवावी लागे, एका अक्षराला सुमारे ८० बाइट. मेमरी एकूण ६४० केबी, त्यामुळे न सांगता डॉस ई: पर्यंतच जागा ठेवायचं. जास्त हवी तर कॉन्फिग फाइलमध्ये लास्टड्राइव्ह लिहायचं. नेटवेअरचा जुना शेल डॉसची अक्षरं संपतील तिथून पुढे आपली सुरू करायचा. ई नंतर काय? एफ. ऐंशी-ऐंशी बाइट वाचवण्याच्या काटकसरीतून निघालेलं अक्षर जगभरच्या ऑफिसांत सवयीचं होऊन बसलं. आणि एफ पुढे सरकत असताना दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे झेड, वाय, एक्स असं उलटं, नेटवेअर आपले 'सर्च ड्राइव्ह' लावत यायचं. सर्व्हरवरच्या कमांड त्यातून सापडायच्या.

सीडी-रॉम आली तेव्हा तिची फाइलसिस्टिम डॉसला कळेना. मायक्रोसॉफ्टने काय करावं? तीच रीडायरेक्टरची पळवाट वापरली. मशीनच्या पोटातली सीडी डॉसला नेटवर्क ड्राइव्ह म्हणून दाखवली. सोंगाने सोंग घेतलं.

१९९३ मध्ये डेव्ह कटलर यांच्या टीमची विंडोज एनटी आली आणि आतलं सगळं बदललं. एनटीच्या पोटात ड्राइव्ह अक्षर असं काही नाहीच. आत सगळ्या वस्तूंचं एकच झाड आहे, युनिक्सची आठवण करून देणारं, आणि सी: किंवा झेड: हे त्यातल्या खऱ्या नावाकडे बोट दाखवणारे दुवे आहेत, बस. म्हणजे अक्षरं काढून टाकायची संधी होती. पण डॉसचे आणि जुन्या विंडोजचे प्रोग्राम चालले नसते तर एनटी कुणी विकत घेतली नसती. २६ ची मर्यादाही म्हणून तशीच राहिली. तंत्रज्ञानाने नव्हे, गिऱ्हाईकाने ठेवलेली.

सर्व्हरच्या बाजूलाही सोंगं निघालीच. कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याला आपला डॉस पीसी युनिक्सच्या मशीनशी जोडायचा होता. पीसीवर डेक कंपनीचं पाथवर्क्स होतं, त्याची भाषा माहीत नव्हती. त्याने तारेवरून जाणारी पाकिटं बघत बघत ती भाषा ओळखली आणि १९९२ च्या सुरुवातीला सर्व्हर लिहून मोकळा केला. आपण एसएमबी बोलतोय हेसुद्धा त्याला नंतर कळलं! पुढे नावावरून ट्रेडमार्कची अडचण आली, तेव्हा त्याने शब्दकोशाच्या फाइलवर ग्रेप चालवून एस, एम, बी क्रमाने असलेले शब्द शोधले. त्यात सांबा सापडला. आज घरोघरी जे छोटे नॅस बॉक्स असतात त्यांच्या आत बहुतेक वेळा हाच असतो. विंडोजला वाटतं समोर विंडोज आहे. लोटसला काय वाटायचं ते आठवा.

एनटीच्या वारशात एक गोम आहे, जिने आपल्यापैकी अनेकांची झोप उडवली असेल. एक्सपीपासून झेड हे अक्षर मशीनचं नसतं, ते त्या लॉगिनचं असतं. एका क्लायंटकडे रात्री दोनला चालणारा रिपोर्टचा जॉब रोज सकाळी पडलेला सापडायचा. डेव्हलपरने हाताने चालवला की बिनबोभाट चालायचा. डेटाबेस, नेटवर्क, अँटिव्हायरस, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. जॉब ज्या सर्व्हिस अकाउंटने चालत होता त्याच्या लॉगिनमध्ये झेड नव्हताच, एवढीच भानगड होती. झेड:\ च्या जागी \\ वाला पूर्ण पत्ता टाकला आणि प्रकरण मिटलं. व्हिस्टाने यूएसी आणल्यापासून तर एकाच माणसाची दोन लॉगिन असतात, साधं आणि अॅडमिनचं. 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून प्रॉम्प्ट उघडलात की झेड गायब. तो गेलेला नसतो, तुम्ही दुसरे कुणीतरी झालेले असता.

हे सगळं गमतीचं. बिल फाटलं २०१३ मध्ये.

त्या वर्षी सप्टेंबरात क्रिप्टोलॉकर आला. ईमेलमधून पीडीएफचं सोंग घेतलेली फाइल यायची. कुणीतरी उघडायचं. मग तो शांतपणे वर्डच्या, एक्सेलच्या फाइली, फोटो कुलूपबंद करत जायचा आणि शेवटी सांगायचा, ३०० डॉलर द्या, ७२ तास आहेत. एका पीसीपुरतं हे राहिलं असतं तरी वाईटच होतं. पण तो त्या मशीनवर दिसणाऱ्या प्रत्येक अक्षरावर जायचा. सी, डी, आणि झेड. आणि झेडवर अख्ख्या अकाउंट्स विभागाच्या फाइली.

यात मला जे अस्वस्थ करतं ते असं. क्रिप्टोलॉकर लिहिणाऱ्याला झेडपर्यंत पोचायला नेटवर्कचं काही शिकावं लागलं नाही. सर्व्हर कुठे आहे, त्याचं नाव काय, पासवर्ड काय, काहीच नाही. विंडोजला विचारायचं कोणकोणती अक्षरं आहेत, ती देते, मग फाइल उघडायची आणि लिहायची. लोटसला नेटवर्क कळत नव्हतं म्हणून जी सोय १९८४ मध्ये केली, तीच सोय तितक्याच आपुलकीने क्रिप्टोलॉकरलाही मिळाली. रीडायरेक्टरने पाकिटं केली, सर्व्हरने ती घेतली. सर्व्हरवर व्हायरस नव्हता. त्याच्या दृष्टीने अकाउंट्समधली एक व्यक्ती, जिला लिहायचा पूर्ण हक्क आहे, नेहमीसारखी फाइली सेव्ह करत होती. जरा जास्तच मन लावून.

ज्या फोल्डरांना अक्षर दिलेलं नव्हतं, नुसत्या \\ पत्त्याने वापरात होते, ते क्रिप्टोलॉकरच्या तडाख्यातून वाचत. म्हणून तेव्हा 'ड्राइव्ह मॅपिंग काढून टाका' असा सल्ला जोरात होता. तो थोडाच काळ पुरला. फेब्रुवारी २०१६ मधला लॉकी अक्षराशिवायच्या फोल्डरांनाही शोधून काढू लागला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, त्याला तर कुणी मेल उघडायचीही गरज नव्हती, तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातूनच एका मशीनवरून दुसऱ्यावर उडी मारायचा. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पॅच दिला होता, पण लावतो कोण! पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. त्याने तेच भोक वापरलं, शिवाय चोरलेल्या अॅडमिन पासवर्डने इतर मशीनच्या छुप्या शेअर फोल्डरांत स्वतःला कॉपी करत गेला. त्या तडाख्यात आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनलही सापडलं. त्याच वर्षाच्या शेवटी विंडोज १० ने एसएमबीची पहिली आवृत्ती नव्या मशीनवर आपणहून टाकायचं बंद केलं. वय वर्षं तीसच्या वर.

मग अक्षरं गेली का? नाही. उलट गूगल ड्राइव्हचं विंडोज ॲप टाकलंत की तेही एक अक्षर घेऊन बसतं, बहुतेक वेळा जी:. ढगातला फोल्डरही डिस्कच्या वेषात.

काढता का येत नाहीत, हे कुठल्याही जुन्या ऑफिसच्या फाइल सर्व्हरवर शोध मारून बघा. झेड:\ हे शब्द हजारो ठिकाणी आत लिहून ठेवलेले सापडतील. मॅक्रोत, बॅच फाइलीत, डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये, कधीच्या काळी सोडून गेलेल्या कुणी लिहिलेल्या व्हीबीच्या प्रोग्राममध्ये. ज्यांना खरा पत्ता वाचता येत नव्हता त्यांच्यासाठी काढलेलं टोपणनाव हाच आता पत्ता झाला आहे. आणि अॅडमिन लोकांना ते मनातून आवडतंही, हे मान्य करायला हवं. आमच्याकडे गेल्या वर्षी फाइल सर्व्हर बदलला. नवं मशीन, नवं नाव, जागाही दुसरीच. शुक्रवारी रात्री लॉगिन स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. सोमवारी सकाळी अकाउंट्समधला तो २००९ सालचा मॅक्रो उठला, नेहमीसारखा झेडवर गेला, आपली शीट लिहिली आणि बंद झाला.